पट्टा मानेला, दुखणं डोक्यात

चक्कर आली की आपल्याकडे घरबसल्या तीन निदानं होतात: बीपी, पित्त, नाहीतर मान. त्यातलं मानेचं सगळ्यांना पटतं, कारण त्याला एक्स-रेचा पुरावा असतो. खरं तर पन्नाशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, आयुष्यात कधी चक्कर न आलेल्यांच्याही. तरी पट्टा लागतो, चकरेची गोळी सुरू होते आणि ‘तुम्हाला कधी अर्धशिशी होती का?’ हा प्रश्न राहूनच जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अर्धशिशी आणि चक्कर यांचं नातं वैद्यकाला नवं नाही. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरने 1873 सालच्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली होती. एकमताचे निकष ठरायला मात्र 2012 उजाडलं. कानातल्या तोलयंत्रणेवरच्या कामासाठी 1914चं नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांच्या नावाची बारानी सोसायटी आणि इंटरनॅशनल हेडेक सोसायटी यांनी मिळून ते ठरवले. आजाराचं नाव ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’. चकरेचे किमान पाच झटके, प्रत्येक पाच मिनिटांपासून 72 तासांपर्यंतचा. मायग्रेन आज असलेला किंवा पूर्वी होऊन गेलेला. आणि निदान निम्म्या झटक्यांत ठणकणारं डोकं, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं किंवा डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा, यांपैकी काहीतरी. शिवाय दुसऱ्या कुठल्या आजाराने त्याचा उलगडा होत नसला पाहिजे.

म्हणजे चकरेच्या वेळी डोकं दुखलंच पाहिजे, अशी अट नाही. फसगत होते ती इथेच. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट. पाळी जाण्याच्या सुमारास कित्येकींची डोकेदुखी ओसरते आणि तिच्या जागी नुसती चक्कर येऊ लागते. तरुणपणी ओढणी घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या बाईला पंचावन्नाव्या वर्षी त्याचा चकरेशी संबंध असेल, हे सुचणार कसं? ते डॉक्टरांनीच विचारायला हवं. पण डोकेदुखी एका डॉक्टरकडे आणि चक्कर दुसऱ्याकडे, अशी वाटणी झालेली असते. हा आजार सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. निदान होतं ते रुग्णाच्या हकिकतीवरून.

प्रत्येक चक्कर अर्धशिशीची नसते, हेही तितकंच खरं. कुशीवर वळताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर बहुधा कानातले कण सरकल्याची असते आणि डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ती बरी करता येते. चकरेबरोबर एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं तर कानाच्या डॉक्टरांकडे जावं. बोबडी वळली, एकाची दोन दिसू लागली, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावं.

निदान पक्कं झालं तर करण्यासारखं बरंच असतं. वेळेवर झोप आणि जेवण हा उपचाराचाच भाग; अर्धशिशी असलेल्यांनी कडक उपास टाळलेलेच बरे. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच निवडायची. उलट, दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या चकरेच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते, हातांना कंपही सुटू शकतो.

तेव्हा वाचकहो, चक्कर कधी आली, किती वेळ टिकली, सोबत काय झालं, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे उघडा. आणि डॉक्टरांना विनंती: मानेला पट्टा बांधण्याआधी अर्धशिशीबद्दल जरूर विचारा. त्या प्रश्नाला मिनिटभरही लागत नाही.