बंद दारामागचा गुन्हा

नाटकावरून काढलेला गुन्हेपट म्हणजे कॅमेऱ्यासमोर मांडलेले नाटकच, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. खोली एकच, माणसे तीच, घडते ते सारे बोलण्यातून. मग यात सिनेमा कुठे? सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या चित्रपटाला हा आक्षेप वरवर तंतोतंत लागू पडतो. विजय तेंडुलकरांचे मूळ नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगमंचावर आणले होते आणि सुलभा देशपांडे यांनी साकारलेली नायिका बेणारे दोन्हीकडे आहे.

आक्षेपात थोडे तथ्य आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून लावलेला आवाज पडद्यावर चढा वाटतो. पण त्यावर उपाय म्हणून कथा खोलीबाहेर न्यावी, हा सल्ला घातक आहे. जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकात मेलेली तरुणी इव्हा स्मिथ एकदाही दिसत नाही; एका कुटुंबातल्या एकेकाच्या कबुलीतून प्रेक्षक तिला मनाशी उभी करतो. गाय हॅमिल्टन यांच्या १९५४ च्या ब्रिटिश चित्रपटात ती फ्लॅशबॅकमधून समोर येते. ॲलिस्टर सिम यांचा इन्स्पेक्टर अप्रतिम आहे, तरी ती दिसू लागताच साऱ्या कुटुंबाचा सामाईक गुन्हा एका दुर्दैवी मुलीची कहाणी होऊन बसतो.

तेंडुलकरांकडे मांडणी उलटी आहे. आरोपी बेणारे समोर आहे आणि तिच्या गरोदरपणाला जबाबदार असलेले प्राध्यापक दामले गैरहजर. गावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला अभिरूप खटला उभा करतात. भ्रूणहत्येचा लटका आरोप बघता बघता बेणारेच्या खऱ्या गरोदरपणावर येऊन ठेपतो. सुरुवातीला ज्या कडीत तिचे बोट सापडते, त्याच दाराने ती निघू पाहते तेव्हा ते बाहेरून बंद झालेले असते. खरा गुन्हा या दारामागे घडतो : सभ्य म्हणवणाऱ्यांनी एका बाईला कोंडून केलेला छळ. खोली सोडली की तिच्यावरचा हा वेढाच सुटतो.

शिवाय खटल्याच्या मोठ्या भागात बेणारे गप्प असते. नाट्यगृहात तेव्हा नजर खटला चालवणाऱ्या काशीकरांकडे, सुखात्म्यांकडे वळते. कॅमेरा त्या मौनाजवळ जाऊन थांबू शकतो. हे बळ रंगमंचाकडे नाही. गोविंद निहलानी यांच्या छायालेखनाची सुरुवात याच चित्रपटाने व्हावी, हे मोलाचे आहे.

आणखी एक गोष्ट आक्षेपक विसरतात. पुनावळ्याच्या रसिकाला चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात कधीतरी नवी बेणारे पाहायला मिळू शकेल. सुलभाताईंचे २०१६ मध्ये निधन झाले, त्यांची बेणारे मात्र याच ‘छायाचित्रित नाटका’त टिकून आहे.