वाटाघाटी शिकायच्या कोणी? कड्याच्या पोरांसाठी एक प्रस्ताव



नेतृत्व, रणनीती, जोखीम आणि वाटाघाटी या चार विषयांचं प्रशिक्षण आज लाखांच्या फीमध्ये विकलं जातं. कंपन्या आपल्या मॅनेजरांना चार दिवस हॉटेलात नेतात, समोरच्याशी कसं बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे उठून जायचं हे शिकवतात आणि तो माणूस परत येऊन कामगारांच्या संघटनेशी पगाराचा करार करतो. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला शिकून आलेला माणूस असतो. दुसऱ्या बाजूला जो बसतो त्याला कोण शिकवतं?

आपल्या वस्तीत या नावाखाली येतो तो मोटिव्हेशनल वक्ता. तो आष्टीत येतो, कड्यात येतो, तास-दीड तास बोलतो, टाळ्या घेतो आणि मानधनाचं पाकीट घेऊन नगरच्या रस्त्याला लागतो. माझा राग त्याच्यावर नाही, त्याला बोलावणाऱ्या आपल्या मंडळांवर आहे. एप्रिल महिन्यात वर्गणी, परवानगी, मिरवणुकीचा मार्ग, पोलीस ठाण्याची बैठक आणि जेवणावळ हे सगळं आपली वीस-बावीस वर्षांची पोरं बिनचूक सांभाळतात. हे व्यवस्थापनच आहे. मात्र १५ एप्रिलला ते संपतं.

‘मॅनेजमेंट हे भांडवलदारांचं शास्त्र, आपल्याला त्याचं काय’ असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना एक आठवण करून देतो. १ जुलै १९५६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. नाव होतं ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते आणि कारभार शां. शं. रेगे पाहत होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. त्यांच्या शेवटच्या वर्षातली धम्मदीक्षा आपण पुढे नेली, पक्षाचे तुकडेही पुढे नेले. शाळा तेवढी मागे राहिली. पुतळ्याच्या उंचीवर भांडणाऱ्या एकाही गटाला ती पुन्हा उघडावीशी वाटली नाही.

शाळेत काय शिकवायचं याची चिंता नको, बाबासाहेबांचं आयुष्यच अभ्यासक्रम आहे. जोखीम हा विषय घ्या. डिसेंबर १९२७, महाड. सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमलेली, तुरुंगात जायला तयार. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तळ्यावर जाण्याविरुद्ध मनाई हुकूम आणलेला. ‘चला तळ्यावर’ एवढं म्हटलं असतं तर लोक निघाले असते. बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. माझ्या वाचनाप्रमाणे हिशेब असा होता: तळ्यावर गेलो तर सनातन्यांशी असलेलं भांडण सरकारशी होतं आणि दोन आघाड्यांवर लढण्याची आपली ताकद नाही. तेव्हा त्यांनी न्यायालयाचा रस्ता धरला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं लागली. आज एखाद्या कार्यकर्त्याने मोर्चा मागे घेतला तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर तो ‘विकला गेलेला’ असतो.

वाटाघाटी म्हटलं की १९३२ चं येरवडा. जातीय निवाड्यात ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. पुणे करारात १४८ राखीव जागा आल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. समोर गांधींचं उपोषण, आणि ते प्राणावर बेतलं तर गावोगावच्या आपल्या वस्त्यांवर काय ओढवेल याची धास्ती. बोलणी मोडली तर आपल्या हातात काय उरतं आणि ते आपल्या माणसाला काय किमतीला पडतं, हा प्रश्न यापेक्षा कठीण रूपात कोणत्याही बिझनेस स्कूलमध्ये शिकवला जात नसेल. पुढे याच करारावर बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात कठोर टीका केली. आपण मात्र २४ सप्टेंबरला निषेध करतो किंवा समर्थन करतो. कलम वाचून, कुठे काय मिळालं आणि काय सुटलं, असा अभ्यासवर्ग मी आमच्या भागात तरी पाहिलेला नाही.

आता कड्याकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे आपल्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल, आणि उचल फिटेपर्यंत मुकादमाचा शब्द. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात करार झाला: तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के. मथळा ३४ टक्क्यांचा होता. हिशेब करा. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टन धरले तरी ७३२ रुपये, दोन माणसांचे. माणशी ३६६. पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत. त्यात आजारपणाचा दिवस नाही, पाळीच्या चार दिवसांचा विचार नाही. खाडा धरला की उलट दंड.

त्या बोलण्यांत साखर संघ होता, शरद पवार होते, पंकजा मुंडे होत्या, संघटनांचे नेते होते. त्यातले काही कळकळीने भांडलेही असतील. पण ज्याचा कोयता आहे त्याला ३४ हा आकडा कुठून आला हे कोणी विचारू दिलं? उचलीची लेखी पावती, कारखान्याने थेट खात्यावर पैसे देणं, फडावर पाणी आणि संडास या गोष्टी दराच्या आकड्यामागे कशा ढकलल्या गेल्या? आणि उसाच्या फडात वाढलेला, आज बी.ए. झालेला आपला पोरगा त्या टेबलाच्या जवळपास तरी का नव्हता? लवाद नेत्यांनी करायचा आणि आपण निकाल ऐकायचा, ही सवय आपल्यालाही लागली आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, आणि ते अभिमानाचं आहे. एकनाथ आव्हाड यांनी मानवी हक्क अभियान उभं केलं आणि गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न मराठवाडाभर पेटवला. घोषणा होत्याच, पण त्या लढ्याचा जीव कागदात होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. मग प्रश्न आला पुराव्याचा. तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये ज्याचं नाव, ज्याच्याकडे दंडाची पावती, तो उभा राहिला. ज्याने दंडाची पावती अपमान म्हणून फाडली त्याचा पुरावाच गेला. पावती जपून ठेवा हे सांगणारा कार्यकर्ता ही त्या गावातली रणनीती होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि नोटिसा निघाल्या तेव्हा काय झालं? बहुतेक ठिकाणी धावपळ, निवेदन, फोटो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालातच एक अपवाद आहे: शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिलेली असेल तर ती नियमित करता येते. हे वाक्य किती निवेदनांत होतं? तहसीलदारासमोर ‘अन्याय झाला’ म्हणणं आणि ‘या निकालातला हा परिच्छेद आणि १९९१ चा हा निर्णय’ म्हणणं, यात त्याच्या खुर्चीतल्या बसण्यात फरक पडतो. (करून बघा.)

कोणी म्हणेल, बार्टी आहे की. आहे, आणि तिथल्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून आपली मुलं नोकरीला लागतात, त्याची मला किंमत आहे. पण ते प्रशिक्षण शासनाच्या खुर्चीत बसण्यासाठी आहे. खुर्चीसमोर उभं राहून हक्काचं काढून घेण्याचं प्रशिक्षण शासन का देईल? ते आपणच द्यायला हवं.

म्हणून प्रस्ताव. कडा आता रेल्वेने नगरला जोडलेलं आहे, रस्त्यावरचं गाव आहे, आसपासच्या पोरांना सोयीचं. विहारात महिन्यातून दोन रविवार वर्ग घ्यायचा. पंधरा जण पुरे, १९५६ मध्येही तेवढेच होते. निम्म्या मुली हव्यात, कारण फडावरचा अर्धा कोयता बाईचा आहे. वक्ता नको, कागद हवा. पहिल्या महिन्यात २०२४ चा ऊसतोड करार. दुसऱ्या महिन्यात आपापल्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च, त्यात मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के कुठे गेले ते. तिसऱ्या महिन्यात १-ई. प्रत्येक वर्गात दोघांनी मुकादम आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी व्हायचं, दोघांनी कोयता, आणि खरी बोलणी करून बघायची. कोण कुठे ढिला पडतो ते बाकीच्यांनी लिहून घ्यायचं.

खर्च चहाचा आणि झेरॉक्सचा. या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर वर्षभराचा निघतो. कराराची मुदत तीन वर्षांची असते, पुढची बोलणी येतीलच. त्याआधी वर्ग सुरू व्हावा. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या गावातल्या एका तरी कोयत्याचा उचलीचा हिशेब कागदावर लिहून आणावा.