राष्ट्रीय सेवा योजनेतील (रासेयो) कामाची सविस्तर नोंद व्हावी, यासाठी निवेदन

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : रासेयो स्वयंसेवकांच्या कामाला रोजगारात आणि गावकारभारात स्थान मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही राज्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांतील रासेयोचे आजी-माजी स्वयंसेवक आहोत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, हे तिचे स्वरूप आपण जाणताच.

त्या सात दिवसांत नेमके काय घडते, ते मात्र कागदावर कुठेच उतरत नाही. वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडे शिवायची, साखळी करून ओढ्यापर्यंत पोचवायच्या आणि सांधे एकावर एक येणार नाहीत अशा रचायच्या. कोण कुठे उभा राहील, हे विशीतली एखादी मुलगी ठरवते. दुसरा गट शिधा मोजतो, खर्चाची वही लिहितो. दुपारी सर्वेक्षणाला निघालेली मुले अनोळखी उंबऱ्यावर बसून रेशनकार्डावरून कुणाचे नाव गळले आहे, हे विचारून घेतात. माणसे जोडून काम तडीस नेणे म्हणतात ते हेच. पण हातात पडणाऱ्या प्रमाणपत्रावर तासांपलीकडे काही नसते. त्यामुळे मुलाखतीत 'अनुभव काय?' या प्रश्नावर ही मुले गप्प राहतात.

म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाला कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीची कार्यनोंद मिळावी : काय केले, कोणती जबाबदारी पेलली, काय शिकला. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार कार्यालयांनी आणि रोजगार मेळाव्यांनी ती ग्राह्य धरावी. इटलीत नागरी सेवा पूर्ण केलेल्यांसाठी २०२३ पासून सरकारी भरतीत १५ टक्के जागा राखीव आहेत. आम्ही राखीव जागा मागत नाही, केलेल्या कामाची कदर मागतो. फ्रान्समध्ये २०१० पासूनच्या नागरी सेवेत तरुणांना प्रथमोपचार शिकवतात. तसे प्रशिक्षण इथेही शिबिरापूर्वी सर्वांना मिळावे.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी शिबिरातल्या सर्वेक्षणाबाबत आहे. ते महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहू नये. डिसेंबर-जानेवारीतल्या शिबिरातील निष्कर्ष २६ जानेवारीच्या ग्रामसभेत स्वयंसेवकांनीच वाचावेत आणि ग्रामपंचायतीने त्यांवर लेखी उत्तर द्यावे. मत द्यायचे वय नुकतेच झालेल्या मुलांना आपला प्रश्न कुणाच्या अखत्यारीतला, निधी कुठून येतो, अडतो कुठे, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. वर्गात पंचायत राज शिकून हे साधत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शिबिराचे अनुदान शिबिरापूर्वी खात्यात जमा व्हावे. आयटीआयच्या आणि शिक्षण सुटलेल्या तरुणांनाही सहभागाची वाट खुली व्हावी. मात्र सेवा सक्तीची करू नये. हजेरीसाठी आलेला मुलगा गोणीला हात लावत नाही.

आपण आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावा आणि येत्या हिवाळी शिबिरांपूर्वी याबाबतचे परिपत्रक काढावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
राष्ट्रीय सेवा योजनेचे आजी-माजी स्वयंसेवक