निळा डाग तांबडा समजावा

कमरीपेठेत गेल्या महिन्यात काही नाट्यप्रेमी गृहस्थ जमले होते. वर्षभरात चार मराठी नाटके बाहेरून आणावीत, वर्गणीदार करावेत आणि हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत नाटकाची आवड जिवंत ठेवावी, असा स्तुत्य बेत होता. आम्हीही त्या बैठकीस होतो. दोन संगीत नाटके झटकन ठरली, एक विनोदी ठरले. चौथे नव्या वळणाचे, समाजाला चार प्रश्न विचारणारे असावे, असे एका तरुणाने सुचविले आणि विजय तेंडुलकरांचे नाव घेतले. बैठक एकदम गप्प झाली. "मंडळी कुटुंब घेऊन येतात हो," असे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले आणि सूचना तेथेच निकालात निघाली. तेंडुलकरांचे एखादे नाटक येथे किती जणांनी पाहिले वा वाचले आहे, असे आम्ही विचारले. उत्तरादाखल चहा आला.

सरकारी कात्रीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या घरगुती कात्रीविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

तेंडुलकरांच्या नाटकांवर काय काय प्रसंग आले, ते नव्या पिढीस ठाऊक असण्याचा संभव कमी. १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी 'गिधाडे' रंगमंचावर आणले. बापाच्या पैशावर टपलेल्या मुलांची ती कहाणी. त्यात भाऊच गरोदर बहिणीच्या पोटात लाथ घालतात आणि ती रक्ताळलेल्या साडीनिशी लोकांसमोर येते. परिनिरीक्षण मंडळाच्या हरकतींत एक हरकत त्या साडीवरील तांबड्या डागाला होती. डाग निळा करण्यात आला. आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांस सांगण्यात येऊ लागले की, साडीवर निळा डाग दिसेल, तो कृपया तांबडा समजावा! मग सबंध नाट्यगृह त्या डागाचीच वाट पाहत बसले असेल, हे सांगावयास नकोच. एरव्ही ज्याने मान फिरवून घेतली असती, त्यासही मंडळाने ते रक्त निरखून पाहावयास लावले. कात्री चालविणारांस विनोदबुद्धी नसते, हा रंगभूमीवर दैवाचा केवढा उपकार!

१९७२ च्या मार्चमध्ये 'सखाराम बाइंडर' आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना लग्नावाचून घरात ठेवणारा, बुके बांधणारा कारागीर हा त्याचा नायक. निळू फुले यांचा सखाराम आणि लालन सारंग यांची चंपा पाहून कित्येकांची झोप उडाली. थोडेसे प्रयोग होतात न होतात तोच मंडळाने तीसहून अधिक ठिकाणी काटछाट मागितली. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी ती न मानता मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला. चंपा दारू पिते, शिव्या देते, यावर त्या काळी बरीच शाई खर्ची पडली. नवऱ्याने टाकलेल्या बाईने जावे तरी कोठे, या प्रश्नास मात्र त्या शाईत फारसे स्थान मिळाले नाही.

पण आमच्या बैठकीशी खरे नाते आहे ते तिसऱ्या नाटकाचे. त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची बदनामी झाली, एका जातीची निंदा झाली, अशी ओरड उठली. नाटकाचे प्रयोग थांबले ते मात्र सरकारी हुकुमाने नव्हे. एकोणीस प्रयोगांनंतर खुद्द संस्थेच्या धुरीणांनीच ते बंद केले. सरकारच्या हुकुमावर न्यायालयात दाद मागता येते. आपल्याच वडीलधाऱ्यांच्या निर्णयावर कोठे मागावी? त्या तरुणांनी संस्था सोडली, १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली परदेशदौऱ्याच्या वेळी विरोध पुन्हा उसळला, तरी नाटक युरोपात गेले व वाखाणले गेले. धुरीणांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. संस्थेची अब्रू राखावी एवढेच त्यांना वाटले असेल. कमरीपेठेतील आमच्या वृद्ध स्नेह्यांसही तेवढेच वाटते.

आता त्या बैठकीत झटकन ठरलेल्या संगीत नाटकांविषयी. त्यांत एक 'शारदा' आहे. उत्तम झाले. परंतु १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा ते गोड चालींचे सोज्ज्वळ मनोरंजन नव्हते. पैशाच्या लोभाने पोरीस थेरड्याच्या गळ्यात बांधणारा बाप तेव्हा समोरच्या खुर्च्यांत बसलेला असे, आणि शेजारी त्याचे कुटुंबही असे. देवलांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, आमच्याच मुलखातले. त्यांच्याच मंडळीने हे नाटक केले. (बालविवाहाचा १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून ओळखला जातो असे आपल्याकडे अनेक जण अभिमानाने सांगतात. ते खरे नव्हे. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे.) सव्वाशे वर्षांत आपण पदे तेवढी पाठ केली आणि कांचनभटाला विसरलो. आजच्या कांचनभटाचे नाव घेणारा नाटककार आला की आपल्याला कुटुंबाची आठवण होते.

आणि हे घडते कोठे? शेजारच्या धारवाडात कर्नाटक कॉलेजात संस्कृत शिकविणारे श्रीरंग यांनी १९३४ साली 'हरिजनवार' लिहून अस्पृश्यतेचा प्रश्न कानडी रंगभूमीवर मांडला. धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेने गिरीश कार्नाडांना पुढे आणले. त्यांचा 'तुघलक' मराठीत आणला तो तेंडुलकरांनीच. म्हणजे ज्या लेखकाचे नाव ऐकून आमची बैठक गप्प झाली, त्याने आमच्या धारवाडच्या लेखकासाठी मराठीचे दार उघडले होते! पुढे १९९० साली कार्नाडांनी 'तलेदंड' लिहिले. बाराव्या शतकातील कल्याणमध्ये शरणांनी ब्राह्मणाची मुलगी व चर्मकाराचा मुलगा यांचे लग्न लावले आणि त्यापायी नगरी रक्ताने न्हाली, हा त्याचा विषय. त्याच कल्याणच्या नाशावर डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनीही नाटक लिहिले. वचनसाहित्याच्या या अभ्यासकाचा ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडातील राहत्या घरी गोळी घालून खून झाला. अशा मुलखात राहून नाटक फक्त करमणुकीपुरते असावे असे म्हणणे आम्हांस तरी जमत नाही.

खळबळ माजविणारे प्रत्येक नाटक चांगलेच, असे आमचे म्हणणे नाही. 'गिधाडे'तील क्रौर्य काही ठिकाणी अंगावर ओतल्यासारखे वाटते आणि नाटककाराने हात जरा आवरता घेतला असता तर बरे झाले असते, असे आमचेही मत आहे. पण हे मत नाटक पाहिल्यावर बनले आहे. ते चुकीचे वाटल्यास वाचकांनी खुशाल खोडून काढावे. त्यासाठी नाटक त्यांनाही पाहावे लागेल. अडचणी आम्ही जाणतो. पुण्यामुंबईहून नाटक आणावयाचे म्हणजे बसभाडे, उतरण्याची सोय, नाट्यगृहाचे भाडे; वर्गणीदार नाराज झाला तर पुढच्या वर्षीची यादी निम्मी होते. तेव्हा आमची सूचना साधी आहे. तीन नाटके ठरल्याप्रमाणे होऊ द्यावीत. चौथ्याची वर्गणी वेगळी ठेवावी, जाहिरातीत विषय स्पष्ट लिहावा, मुलांना घरी ठेवावयाचे असेल त्याने ठेवावे, आणि प्रयोगानंतर तासभर त्याच सभागृहात चर्चा ठेवावी. तीत त्या वयोवृद्ध सभासदांनी पहिले बोलावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पुढील बैठक येत्या रविवारी आहे. चौथ्या नाटकाच्या यादीत पहिल्या दोन वर्गणीदारांची नावे आमची आणि आमच्या कुटुंबाची लिहून घ्यावीत.