ठाण्याविना ठाणेदार

वनकर्मचाऱ्यांवर कोठे प्राणघातक हल्ला झाला की राजधानीत त्यांच्या हाती शस्त्रे देण्याचा विषय निघतो. चार दिवस चर्चा होते, एखादे पत्र राज्यांना रवाना होते आणि पुढील हल्ल्यापर्यंत विषय फायलीत पडून राहतो. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच गोदावर्मन प्रकरणाच्या सुनावणीत हा मुद्दा उचलला होता. संख्येने जास्त आणि हत्यारबंद तस्करांपुढे निःशस्त्र वनकर्मचारी कायदा कसा राबवणार, असा सवाल तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने केला. आसामात शस्त्रे मिळतात, इतरत्र मिळत नाहीत, या विसंगतीकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. सवाल रास्तच होता. परंतु जंगलातील कायद्याचा सारा भार ज्याच्या खांद्यावर आहे, त्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची, म्हणजे उत्तरेत ज्याला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात त्याची, अडचण बंदुकीच्या अभावापासून सुरू होत नाही आणि बंदूक मिळाल्याने ती संपणारही नाही.

देशाचा सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर प्रदेश सरकारदफ्तरी वन म्हणून नोंदलेला आहे. नियतक्षेत्रावर वनरक्षक, परिमंडळावर वनपाल आणि अनेक परिमंडळे मिळून होणाऱ्या परिक्षेत्रावर रेंजर, ही त्याची उतरंड ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. डेहराडूनला १८७८ मध्ये वनविद्यालय निघाले ते मुख्यतः रेंजर घडवण्यासाठीच. १९२७चा भारतीय वन अधिनियम वनाधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय अटकेचा आणि लाकूड, हत्यारे, गाडी जप्त करण्याचा अधिकार देतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने झडतीचे अधिकारही दिले. कागदावर पाहिले तर रेंजर हा जंगलाचा ठाणेदारच. पण ठाणेदाराला रोपवनाची हजेरीपटे तपासावी लागत नाहीत, जाळरेषा काढाव्या लागत नाहीत, वाघाने मारलेल्या गाईच्या नुकसानभरपाईचा पंचनामा करावा लागत नाही. रेंजरला हे सारे करून उरलेल्या वेळात गुन्हे पकडायचे असतात. मंत्रिमहोदयांच्या कुटुंबाला वाघ दिसेल अशी व्यवस्था करणे हे काम कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही. तरी ते कोणाकडे येते, हे वनखात्यात नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

गुन्हा पकडल्यावर तर खरी परीक्षा सुरू होते. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले की न्यायालय त्यातील कागदपत्रांवरून आरोप निश्चित करू शकते. वन्यजीव कायद्याखाली वनाधिकारी न्यायालयात जातो तो ‘तक्रारदार’ म्हणून. अशा खटल्यात वॉरंट खटल्याची पद्धत लागू झाली की आरोप निश्चित होण्यापूर्वीच फिर्यादी पक्षाला साक्षीपुरावा द्यावा लागतो आणि आरोप निश्चित झाल्यावर त्याच साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही जवळपास तशीच उतरली आहे. म्हणजे सांबराच्या शिकारीत पंचनामा करणारा रेंजर दोन वेळा साक्षीला उभा राहणार, आणि तोवर त्याची बदली तीन जिल्ह्यांपलीकडे झालेली असणार. पुराव्यात ग्राह्य ठरणारा जबाब नोंदवण्याचा या कायद्यातला अधिकार सहायक वनसंरक्षक वा त्यावरील अधिकाऱ्याला आहे. आरोपीला रात्री दोन वाजता पकडणाऱ्या रेंजरला नाही. परिक्षेत्र कार्यालयात सहसा कोठडी नसते, कायदा जाणणारा कर्मचारी नसतो. शेजारच्या पोलीस ठाण्याची मनधरणी करून आरोपी ठेवायचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा, हा बहुतेक परिक्षेत्रांचा रिवाज आहे. अशा प्रकरणांत आरोपी सुटले की ठपका मात्र ‘तपासातील त्रुटी’वर येतो.

या दुबळेपणाचे मूळ घटनात्मक रचनेत आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आली. पोलीस राज्यसूचीतच राहिले. तेव्हापासून जंगलाचा कायदा बव्हंशी दिल्लीत ठरतो, पण तो राबवणारा रेंजर राज्याचा नोकर असतो. त्याचा पगार, बढती आणि मुख्य म्हणजे बदली राज्याच्या हाती. प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, असा आदेश दिला. तो किती पाळला गेला हा प्रश्न अलाहिदा. पण निदान निकाल दाखवून दाद मागता येते. त्याच जोखमीचे काम करणाऱ्या रेंजरसाठी असा देशव्यापी आदेश नाही. महाराष्ट्रात बदल्यांचा २००५चा कायदा साधारण तीन वर्षांची मुदत देतो; मात्र त्यातच अपवादात्मक परिस्थितीत मुदतपूर्व बदलीची वाटही ठेवलेली आहे आणि ती वाट पुरेशी रुंद आहे.

मुदत नसल्याचा अर्थ काय, हे तेलंगणाच्या उदाहरणावरून ध्यानात यावे. ३० जून २०१९ रोजी कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील सारसाला गावी रोपवनासाठी जमीन तयार करून घेण्यास गेलेल्या रेंज अधिकारी सी. अनिता यांना जमावाने ट्रॅक्टरवर उभ्या असतानाच लाठ्यांनी मारले. जमावाच्या अग्रभागी सत्तारूढ पक्षाच्या आमदाराचा भाऊ, जिल्हा परिषदेचा उपाध्यक्ष होता. चित्रफीत देशभर पोहोचल्यामुळे अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच राज्यातील भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात श्रीनिवास राव या रेंज अधिकाऱ्याचा ‘पोडू’ म्हणजे जंगल तोडून केलेल्या शेतीच्या वादातून खून झाला. पुढे दोघांना जन्मठेप झाली. आणि २०२३च्या जूनअखेर, विधानसभा निवडणूक पाच महिन्यांवर असताना, चंद्रशेखर राव यांच्या सरकारने सुमारे चार लाख एकर पोडू जमिनीचे पट्टे वाटायला घेतले.

पट्टे देण्यात गैर काही नव्हते. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला होता आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचा तो हक्कच होता. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावू नये, असे हाच कायदा सांगतो. आक्षेप आहे तो दिरंगाईवर. दावे वेळेत निकाली काढले असते तर कोणती जमीन कोणाची हे आधीच ठरले असते. ते न करता सरकारने एकीकडे रेंजरला त्या जमिनीवर रोपे लावायला धाडले आणि दुसरीकडे तीच जमीन निवडणुकीसाठी राखून ठेवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ तारखेला दिला आणि २८ तारखेला स्थगितही केला. त्या पंधरा दिवसांत देशातल्या रेंजरांनी गावकऱ्यांपुढे कोणत्या तोंडाने जायचे होते?

कायदा मोडणारा दर वेळी कुऱ्हाडवालाच असतो असेही नाही. राजधानीच्या दक्षिण रिजमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये निमलष्करी दलांच्या रुग्णालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी सुमारे अकराशे झाडे न्यायालयाच्या परवानगीविना तोडली गेली. तोडणारी यंत्रणा सरकारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अवमानाबद्दल दोषी ठरवले. असा आदेश वरून येतो तेव्हा रेंजरच्या कमरेला पिस्तूल असते तरी ते त्याने कोणावर रोखले असते?

शस्त्रवाद्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. काझीरंगात गेंड्याच्या शिकाऱ्यांकडे रायफली असतात आणि तेथे काठीने भागत नाही. आसाम सरकारने २०१० मध्ये वनकर्मचाऱ्यांना गोळीबाराबाबत कायदेशीर संरक्षण दिले ते याच कारणाने. पण हाच नमुना देशभर लावण्याचा प्रयत्न केंद्राने केला तेव्हा तो अंगाशी आला. मार्च २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या वन अधिनियम दुरुस्तीच्या मसुद्यात वनाधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याचे आणि त्याबद्दल खटल्यापासून संरक्षणाचे कलम होते. आदिवासी संघटनांनी रान उठवले आणि नोव्हेंबरात तत्कालीन वनमंत्री प्रकाश जावडेकर यांनी मसुदा मागे घेतला. झारखंडची निवडणूक तोंडावर होती, हे विसरून चालणार नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात विदिशा जिल्ह्यातील लटेरी येथे वनकर्मचाऱ्यांच्या गोळीबारात एका आदिवासीचा मृत्यू झाला. कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला, न्यायालयीन चौकशी जाहीर झाली. प्रत्युत्तरादाखल अनेक जिल्ह्यांतील वनकर्मचाऱ्यांनी आपल्या बंदुका जमा केल्या. वापरायची कधी हे ठाऊक नसेल आणि वापरल्यावर पाठीशी कोण उभे राहणार हेही ठाऊक नसेल, तर बंदूक हे ओझेच ठरते. माणूस गेल्यावर गुन्हा नोंदला जाणे योग्यच होते. त्या गोळीआधीचे प्रशिक्षण आणि लेखी नियम कोठे होते, हा प्रश्न मात्र चौकशीच्या गदारोळात मागे पडला.

अमेरिकेचा दाखला या वादात हटकून दिला जातो. तेथे सार्वजनिक जमिनींवरील कायदा राबवणारे रेंजर वेगळे असतात, संघराज्याचे नोकर असतात, सशस्त्र असतात, आणि त्यांच्यावरील पर्यवेक्षक रेंजरचे काम गस्त, तपास व न्यायालय एवढ्यापुरते आखलेले असते. तरीही एप्रिल २०१४ मध्ये नेवाडातील बंकरव्हिल येथे, दोन दशके चराई शुल्क थकवणाऱ्या पशुपालकाची गुरे जप्त करायला गेलेल्या याच यंत्रणेला हत्यारबंद समर्थकांपुढे ती सोडून माघार घ्यावी लागली. पुढे २०१८ मध्ये पशुपालकावरील खटलाही न्यायालयाने रद्द केला, कारण सरकारी वकिलांनी पुरावा बचाव पक्षापासून दडवला होता. शस्त्रांत सरकार कमी नव्हते. खटला नीट चालवण्यात ते कमी पडले.

महाराष्ट्राकडे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखण्यात गावाचाच स्वार्थ असेल तर रेंजरला शेकडो डोळे फुकट मिळतात. दुसरी बाजू मेळघाटातली. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. अतिक्रमणाविरुद्ध कणखर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याला धोका जंगलातूनच येतो असे नाही, हे त्या पत्राने महाराष्ट्राला सांगितले. खालून गाव, वरून साहेब आणि बाजूने पुढारी अशा तिहेरी कोंडीत दाद मागायला रेंजरला स्वतंत्र जागा नाही. महिला रेंजरची ही अडचण आणखी बिकट, कारण तिचे मुख्यालय बहुधा तालुक्यापासूनही दूर असते.

केंद्राला येथे काही करता येण्यासारखे नाही, हा इंदिरा पर्यावरण भवनात नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद पटणारा नाही. अधिकार नसेल, पैसा आहे. प्रतिपूरक वनीकरण निधीचे ४७ हजार कोटींहून अधिक रुपये ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना वळते झाले. व्याघ्र प्रकल्पांचा निधी देताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण राज्यांशी त्रिपक्षीय करार करते. २००८च्या अर्थसंकल्पात विशेष व्याघ्र संरक्षण दलासाठी ५० कोटी दिले गेले, तेव्हा ‘राज्याचा विषय’ आड आला नव्हता. याच करारात संवेदनशील परिक्षेत्रांतील रेंजरला दोन वर्षांची मुदत, मुदतपूर्व बदलीची लेखी कारणे, प्रत्येक वनविभागात एक विधी अधिकारी आणि बदली झालेल्या साक्षीदाराला दूरदृश्य प्रणालीने साक्ष देण्याची सोय, या अटी घालता येतील. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही की आदिवासी भागात कोणाचा रोष ओढवत नाही. राज्ये कुरकुर करतील. बदल्यांचा अधिकार सोडायला कोणतेही मंत्रालय राजी नसते. परंतु करारावर सही केल्याखेरीज हप्ता मिळणार नाही, हे वाक्य राज्यांच्या अर्थखात्यांना चांगले समजते. शस्त्रे द्यायची तेथे ती जरूर द्यावीत. मात्र ज्या परिक्षेत्रात वनहक्काचे दावे पडून आहेत, तेथे बंदुकीच्या आधी दाव्यांची सुनावणी पोहोचेल, अशी अटही त्याच करारात असावी.