अकलूजचा घोडेबाजार आणि गरिबाची गांठ

दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज येथें बाजार समितीच्या आवारांत जो घोडेबाजार भरतो, त्यांत मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, नुकरा अशा नाना जातींचीं जनावरें दूरदूरच्या प्रांतांतून विक्रीस येतात, आणि एकेका घोड्याचा सौदा लाखांच्या घरांत जातो. आमच्या जिल्ह्यांत हा व्यवहार वाढीस लागावा, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु जेथें एवढा पैसा हातोहात फिरतो, तेथें जनावराची पारख कशी होते, हें विचारणें प्राप्त आहे.

पाहावें तों गिऱ्हाइकाची नजर प्रथम भोंवऱ्यांकडे! गळ्यावर देवमण असला कीं घोडा भाग्याचा. डोळ्याखालीं भोंवरा दिसला कीं तो आंसूढाळ, धन्यास रडविणारा. चारही पाय व तोंड पांढरें असलें कीं पंचकल्याणी, मग किंमत चढलीच. केंसांच्या वळणावर घराचें बरेंवाईट अवलंबून असतें, या समजुतीस आधार तो कोणता? दांत पाहिल्यास वय कळतें, चार पावलें चालविल्यास लंगडेपणा कळतो, पळवून श्वास ऐकल्यास दम कळतो. हें सोडून भोंवरे मोजीत बसल्यानें निर्दोष जनावर मातीमोल जातें, आणि शुभ चिन्हांचें जनावर पायाचा दोष झांकूनही दामदुपटीनें खपतें.

याहून गंभीर गोष्ट रोगाची होय. ग्लँडर्स हा घोड्यांचा जंतुजन्य रोग माणसासही जडतो व त्याचे प्राण घेऊं शकतो. त्यावर लस नाहीं. जुनाट झालेला रोग पुष्कळदां वरून ओळखूंही येत नाहीं. रक्ततपासणीनें तो कळतो, व तशी तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत होते. रोग ठरला तर जनावर मारावें लागतें. वरातीच्या घोडीवर ज्याचें पोट, तो कर्ज काढून घोडी घेतो आणि तिच्या शेजारींच पोराबाळांसह निजतो. त्याचें भांडवल व प्राण दोन्ही या तपासणीच्या दाखल्यावर अवलंबून आहेत. तो मागण्यास त्यानें संकोचूं नये.

कोणी म्हणतील, आमचा व्यापार शब्दावर चालतो. शब्द खरा असेल तर तो लिहून देण्यास अडचण कसली? १९३० सालचा मालविक्रीचा कायदा मालाच्या गुणाची जोखीम सामान्यतः घेणाऱ्याच्याच शिरीं टाकतो. विक्रेत्यानें स्पष्ट हमी दिली असेल तर गोष्ट निराळी. म्हणून वय, ठाऊक असलेली खोड, तपासणीचा दाखला व किंमत हीं चार कलमें पावतीवर असल्याखेरीज बाजार समितीनें सौदा नोंदूं नये, अशी आमची सूचना आहे. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची गुरांच्या बाजारांतील जुनी चालही येथें शिरूं देऊं नये. सचोटीच्या व्यापाऱ्याचें यांत कांहींच जात नाहीं. उलट लबाडाशीं होणारी त्याची चढाओढ संपते.

आणखी एक गोष्ट. ज्या भीमथडी तट्टांनीं मराठ्यांच्या फौजा वाहिल्या व जीं आजही धनगरांचा संसार पाठीवर घेऊन हिंडतात, त्यांस स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. रंगरूपावर भाळणारा बाजार या काटक जनावरास विचारीत नाहीं. भीमाखोऱ्यांतच भरणाऱ्या बाजारांत त्याच्यासाठीं स्वतंत्र रांग व चांगल्या पैदाशीस बक्षीस ठेवणें समितीस अवघड नाहीं. येत्या दिवाळीपूर्वीं तिनें या दोन्ही गोष्टी मनावर घ्याव्या.