शोध ग्रंथीचा, प्रश्न क्रमाचा

चार्ल्स मार्टेल हा अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरील कप्तान. त्याची हाडे ठिसूळ होत गेली, उंची कित्येक इंचांनी घटली. पॅराथायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले. परंतु दोषी ग्रंथी नेमकी कोठे आहे, हे कोणासही सांगता येईना. १९२६ पासून सहा शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या. १९३२ मध्ये बोस्टन येथे सातव्या वेळी ती छातीच्या पोकळीत सापडली. त्यानंतर काही आठवड्यांतच मार्टेल मरण पावला.

मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या सामान्यतः चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे नियंत्रण हे त्यांचे काम. एखादी ग्रंथी बेबंद झाली की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, मूत्रपिंडात खडे होतात. तिचा ठाव शस्त्रक्रियेपूर्वीच घेण्याची साधने आज उपलब्ध आहेत. सोनोग्राफी स्वस्त व सोयीची. मात्र छातीच्या हाडामागे तिची दृष्टी पोहोचत नाही. तेथे सेस्टामिबी स्कॅन उपयोगी पडतो. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले हे औषध थायरॉइडमधून लवकर ओसरते, पण दोषी ग्रंथीत बहुधा रेंगाळते आणि उशिरा घेतलेल्या चित्रात ती उठून दिसते. याखेरीज विशेष सीटी आणि पेट स्कॅनही आहेत. सुमारे पाचांपैकी चार रुग्णांत दोष एकाच ग्रंथीत असतो. ती आधी कळली तर लहानशा छेदाने काम भागते.

हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु ही साधने ठिकाण दाखवितात, निदान करीत नाहीत, हे विसरून चालणार नाही. निदान होते ते रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्या तपासणीने. लहान ग्रंथी, किंवा एकाहून अधिक वाढलेल्या ग्रंथी, स्कॅनला हुलकावणी देऊ शकतात. अशा वेळी अनुभवी शल्यविशारदाचा हात त्या शोधू शकतो. म्हणून ‘स्कॅनमध्ये काही दिसत नाही’ एवढ्याच कारणाने रुग्णास परत पाठविणे हा अन्याय होय.

आता प्रश्न खर्चाचा. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून नित्याच्या रक्ततपासणीतच कॅल्शियम मोजले जाऊ लागले आणि रोग लक्षणांआधी पकडला जाऊ लागला. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण हाड मोडल्यावर किंवा वारंवार खडे झाल्यावरच योग्य ठिकाणी पोहोचतात. सेस्टामिबी स्कॅनला गॅमा कॅमेरा लागतो आणि टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. इतर औषधांसारखा त्याचा साठा करता येत नाही. तेव्हा प्रत्येक तालुक्यात असे यंत्र बसविण्याची कल्पना व्यवहार्य नाही, आणि आवश्यकही नाही. वारंवार खडे होणाऱ्या व सहज हाड मोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम गावाजवळ मोजले जावे. दोष आढळल्यास संप्रेरकाची तपासणी व्हावी. आणि शस्त्रक्रियेचा निर्णय झाल्यावर, जेथे ती होणार त्याच केंद्रात सोनोग्राफी व स्कॅन व्हावेत. प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा खर्च यांचा हिशेब मांडला, तर हाच क्रम काटकसरीचाही ठरतो.

यंत्राच्या उद्घाटनाची छायाचित्रे छापून येतात, रक्ततपासणीची येत नाहीत. अग्रक्रम चुकतो तो बहुधा येथेच. मार्टेलचे निदान झाले होते, ठिकाण सापडत नव्हते. आज ठिकाण सापडू शकते. आपल्या कित्येक रुग्णांचे निदानच वेळेवर होत नाही.